फोनमधला इसम

उमराहला जाताना आता सिमकार्ड बदलावं लागत नाही, फोनमध्ये ई-सिम टाकता येतं, असं मी अम्मीला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "इसम? फोन में कौन इसम?"

अब्बा पोलीस खात्यात हवालदार होते. पंचनाम्याच्या मराठीतले शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे वापरले जायचे. कोण आलं होतं विचारलं तर अम्मी आजही "एक अनोळखी इसम" असं उत्तर देते. आम्ही पोट धरून हसलो. पण उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या बाईला असा शब्द हाती लागला की सोडवत नाही. मराठीतला 'इसम' अरबीतल्या 'इस्म'वरून आलेला. इस्म म्हणजे नाव. उर्दू व्याकरणात आजही मी मुलांना 'इस्म' म्हणजे नाम असंच शिकवते. मराठीत येता येता नावाचा माणूस झाला, आणि माणूसही बहुतेक पुरुषच. पंचनाम्यात बाई आली की ती 'महिला' असते, इसम नसते.

हे सगळं तेव्हा गंमत म्हणून बोलले होते. मदिनेत ते आठवलं, आणि तेव्हा काही हसू आलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी, नवरा आणि अम्मी असे तिघे उमराहला गेलो. बिबवेवाडीतून पंधरा-वीस मिनिटांवर कोंढवा, तिथल्याच एका टूरवाल्यांबरोबर. निघायच्या आधी घरात जी बैठक झाली तिच्यात एहराम, औषधं, चपलांची पिशवी, थेपले आणि चिवडा यांवर दोन तास बोलणं झालं. इंटरनेटवर दोन मिनिटं. "माझ्या फोनमध्ये ई-सिम घेतो, तुम्हा दोघींना हॉटस्पॉट देतो. तिघांसाठी तीन कशाला?" नवऱ्याचं हे म्हणणं मलाही पटलं. पटलं हे मुद्दाम लिहिते, कारण पुढची तक्रार एकट्या त्याच्यावर ढकलायची नाही. माणशी लाखभर रुपये खर्चून निघालेले आम्ही, शेवटी बचत केली ती दोन ई-सिमची.

मस्जिद-ए-नबवीत पुरुषांची जागा वेगळी आणि बायकांची वेगळी, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढे काय झालं हे आत्ताच कळलं असेल. हॉटस्पॉट म्हणजे दहा-वीस पावलांची दोरी. तो त्याच्या दरवाजाने आत गेला, आम्ही आमच्या, आणि दोरी तुटली. पहिले दोन दिवस काही बिघडलं नाही, नमाज पढून ठरलेल्या खांबाखाली भेटायचो. तिसऱ्या दिवशी रियाजुल जन्नतची वेळ होती. तिथे आत जायला नुसुक ॲपवरून परवाना काढावा लागतो. तारीख आणि वेळ ठरलेली, बायकांच्या वेळा वेगळ्या, आणि सर्वसाधारण नियम ३६५ दिवसांतून एकदाच. दारावर फोनमधला परवाना उघडून दाखवायचा, तो स्कॅन होतो, मग आत.

माझा आणि अम्मीचा परवाना माझ्या फोनमध्ये होता. ॲप उघडलं. पांढरा पडदा आणि मधोमध गरगर फिरणारं चाक. नेट नाही. नवरा मशिदीच्या दुसऱ्या बाजूला, त्याला फोन लावावा तर माझ्या भारतीय सिमवर रोमिंग सुरू केलेलं नव्हतं, कारण "ई-सिम आहे ना". मागे बायकांची रांग. दारावरची मुलगी अरबीत काहीतरी म्हणाली आणि हाताने बाजूला व्हा अशी खूण केली. तिचं चुकलं नाही, तिच्यासमोर शेकडो जणी होत्या. अम्मीने काही विचारलं नाही, फक्त माझा हात घट्ट धरला. बाहत्तर वर्षांच्या बाईने आयुष्यभर ज्या जागेसाठी दुआ मागितली ती पन्नास पावलांवर, आणि मी तिची शिकलेली, बीएड झालेली लेक, फोन उंच करून हवेत नेट शोधते आहे.

शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीने हे पाहिलं. इंडोनेशियाची असावी, पिशवीवर त्यांच्या टूरचा झेंडा होता. भाषेचं नाव नको. तिने आपला फोन माझ्यासमोर धरला, म्हणाली, "वायफाय?" आणि स्वतःचा हॉटस्पॉट सुरू करून पासवर्ड बोटाने दाखवला. परवाना उघडला. आम्ही आत गेलो. बाहेर आल्यावर तिला शोधलं, सापडली नाही. तिच्यासाठी तिथे जी दुआ केली ती तिच्यापर्यंत पोचली असेल, नेटची गरज त्याला नाही.

त्या रात्री हॉटेलच्या वायफायवर मी माझ्या फोनसाठी वेगळं ई-सिम घेतलं. दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांचं काम पुण्यात का केलं नाही, याचा विचार करत बराच वेळ जागी राहिले, आणि मला नाना-नानींची पत्रं आठवली.

नाना आणि नानी हजला बोटीने गेले होते. मुंबईहून जेद्दापर्यंत बोटीने जायची ती पद्धत १९९५ पर्यंत चालली, नंतर विमानच. अम्मी सांगते, दोघं जाऊन परत येईपर्यंत घरी तीन पत्रं आली, त्यातलं एक ते परतल्यावर पोस्टमनने आणून दिलं. तिन्ही उर्दूत, नानांच्या सुंदर अक्षरात. आणि तिन्हींच्या शेवटी एकच वाक्य, तुमची आई खुशाल आहे. नानीला लिहिता येत नव्हतं. तिने काबा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला काय वाटलं, तिचे पाय दुखले का, तिला घरची आठवण आली का, हे पत्रात कुठे नाही. नाना वाईट नव्हते. त्यांनी जेवढं विचारलं असेल तेवढं लिहिलं. पण तिची खुशाली त्यांच्या दौतीतून आली.

मी नानीची नात. मला दोन भाषा लिहिता-वाचता येतात, दोन्ही शिकवून पगार मिळवते. तरी मदिनेच्या दारावर माझी खुशाली नवऱ्याच्या हॉटस्पॉटवर होती. मला एवढंच म्हणायचं आहे, की प्रवासातलं ई-सिम ही चांगली सोय आहे, स्वस्त होत चालली आहे, पण आमच्या घरांमध्ये ती अजूनही घरातल्या 'इसमा'च्या फोनमध्ये जाते. ज्या बाईला तिची जास्त गरज असते ती दोरीच्या टोकाला राहते.

"हॉटस्पॉट आहे ना" हे वाक्य किती घरांत बोललं जातं, ते परत आल्यावर विचारायला लागले तेव्हा कळलं. आणि हे फक्त आपल्या लोकांचं नाही. आमच्या सोसायटीतल्या काकू मुलीच्या बाळंतपणाला जर्मनीला गेल्या. ई-सिम काकांच्या फोनमध्ये. मधल्या विमानतळावर काका सुरक्षा तपासणीत अडकले, काकू पुढे निघून गेल्या, आणि पाऊण तास दोघं एकाच इमारतीत एकमेकांना शोधत होते. काकूंनी मला हे हसत सांगितलं. मग म्हणाल्या, "तेव्हा मात्र रडू आलं होतं गं." हज-उमराहमध्ये फरक इतकाच, की तिथे गर्दी लाखांची असते आणि बायका-पुरुषांचे रस्ते दिवसातून पाच वेळा वेगळे होतात. २०२४ च्या हजमध्ये भयंकर उन्हाने १,३०० हून अधिक माणसं गेली. तेव्हा किती घरचे लोक हॉस्पिटलं पालथी घालत आपल्या माणसाचा पत्ता विचारत होते, ते आपण बातम्यांत पाहिलं.

दुसरीकडे काळ पुढे गेला आहे. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना मेहरमशिवाय, चौघींच्या गटाने हजला जायची मुभा आपल्याकडे २०१८ पासून आहे. २०२३ मध्ये अशा चार हजारांहून जास्त बायका भारतातून गेल्या. त्यांच्याकडे हॉटस्पॉट देणारा कुणी नव्हता. त्यांनी आपापला फोन, आपापलं सिम सांभाळलंच ना? मग नवऱ्याबरोबर जाणाऱ्या बाईला ते जमणार नाही, असं आपण कशावरून धरून चालतो?

आता ई-सिम म्हणजे नेमकं काय, ते सांगते, कारण यातली निम्मी भीती न समजण्यातून येते. आपण कार्ड घालतो ती चिप इथे फोनच्या आतच बसवलेली असते. कंपनी क्यूआर कोड पाठवते, तो स्कॅन केला की सिमची माहिती त्या चिपवर उतरते. प्रवासी ई-सिम विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात, त्या कुणाकडून तरी घाऊक नेट घेऊन आपल्याला किरकोळ विकतात. सौदीत गेल्यावर फोन एसटीसी, मोबिली किंवा झैन यांपैकी एखाद्याच्या टॉवरवर पाहुणा म्हणून राहतो. म्हणून त्या ई-सिमचं 'डेटा रोमिंग' सुरू ठेवावं लागतं. इथेच आपली माणसं अडकतात. रोमिंग सुरू केलं की हजारोंचं बिल, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पैसे भरून घेतलेलं ई-सिमसुद्धा लोक बंद करून ठेवतात आणि मग नेट येत नाही म्हणून कंपनीला बोल लावतात. डेटा रोमिंग भारतीय सिमचं बंद ठेवायचं, ई-सिमचं चालू. उलट केलंत तर मात्र बिल येईल.

यातल्या बहुतेक ई-सिममध्ये फक्त नेट असतं. फोन नंबर नसतो. साधा फोन करता येत नाही, एसएमएस येत नाही. म्हणून भारतीय सिम फेकायचं नाही, फोनमध्येच राहू द्यायचं आणि निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सोय सुरू करून घ्यायची, म्हणजे बँकेचा ओटीपी येईल आणि अडीअडचणीला साधा फोनही लागेल. तो महाग पडेल, पण मी ज्या दारावर उभी होते तिथे मी तो आनंदाने दिला असता. नेट आहे म्हणून व्हॉट्सॲपवर बोलता येईलच याचीही खात्री धरू नये. सौदीने इंटरनेट कॉलवरची बंदी २०१७ मध्ये उठवली खरी, पण त्यानंतरही वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपचे कॉल तिथे नीट लागत नसल्याचा लोकांचा अनुभव आहे. आवाजाचे निरोप जातात.

ई-सिम घरच्या वायफायवर, पुण्यातच उतरवून घ्यावं. क्यूआर कोड कागदावर छापून घ्यावा. आपल्याच फोनच्या पडद्यावर आलेला कोड आपलाच फोन स्कॅन कसा करणार, हे मला रात्री साडेबाराला हॉटेलच्या खोलीत कळलं, नवऱ्याला उठवावं लागलं. (उठला बिचारा, तक्रार न करता.) पुष्कळ प्लॅनची मुदत तिथल्या टॉवरला फोन जोडला गेल्यावर सुरू होते, पण सगळ्यांची नाही, तेवढं वाचून घ्यावं. आणि एकदा उतरवलेलं ई-सिम "चालत नाही" म्हणून रागाने काढून टाकू नये, तोच कोड बहुधा दुसऱ्यांदा चालत नाही.

कुणाकडून घ्यावं हे मी सांगणार नाही. पण परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते, हे ठाऊक असावं. जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही जगभर चालणारी ॲप्स या परवानगीअभावी भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढायला लावली होती. घ्यायच्या आधी विचारावं, पावती घ्यावी. आणि एक धोका वेगळाच. "तुमचं सिम ई-सिम करून देतो" असा फोन करून, लिंक पाठवून तुमचा भारतीय नंबरच आपल्या फोनवर उतरवून घेणारे भामटे आहेत. नंबर त्यांच्याकडे गेला की ओटीपीही त्यांच्याकडे आणि बँकेतले पैसेही. हजचे पैसे जमवून बसलेली म्हातारी माणसं यांना हवीच असतात. आपण मागितलेलं नसताना कुणी ई-सिम देऊ करत असेल तर फोन ठेवून द्यावा, फसलाच असाल तर १९३० वर लगेच तक्रार करावी.

अम्मीच्या फोनमध्ये ई-सिम चालतच नव्हतं. साधा, स्वस्त फोन. तिच्यासाठी मक्केत काउंटरवर जाऊन खरंखुरं सिमकार्ड घेतलं. तिथे पासपोर्ट लागतो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. अम्मीचे ठसे उठेनात. एक बोट, दुसरं, ओलं करून, पुसून, पुन्हा. पन्नास वर्षं भांडी घासून, भाकऱ्या थापून रेषा पुसट झाल्या आहेत. काउंटरवरचा मुलगा धीराचा होता. सातव्या की आठव्या वेळेला हिरवा दिवा लागला. तिच्या नावावर सिम निघालं. इस्म तिचं, मी मनात म्हटलं.

त्या दिवशी इशानंतर आम्ही वरच्या मजल्यावर बसलो होतो, खाली तवाफ चाललेला. अम्मीने स्वतः फोन काढला, माइकचं बटण दाबून धरलं आणि सोलापूरच्या तिच्या बहिणीला निरोप पाठवला. सव्वा मिनिटाचा. त्यात ती बराच वेळ काही बोललीच नाही, नुसता मागचा आवाज आहे, मग थोडं रडणं, आणि मग एकदम, "चप्पल की थैली भारी है री, तू आएगी तो हल्की लाना." खालाने तो निरोप अजून जपून ठेवला आहे. नानीच्या तीन पत्रांत नव्हतं ते सगळं त्या सव्वा मिनिटात आहे.

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे, आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही. लोक म्हणतात, तिथे जायचं ते दुनियेपासून सुटायला, आणि तुम्ही बायकांच्या हातात आणखी फोन देता. तवाफात काठ्यांवर फोन उंचावून व्हिडिओ काढणारे मीही पाहिले, राग आला. समोर काबा आणि हा माणूस त्याच्याकडे पाठ करून स्वतःला बघतोय! पण हा राग फोनचा नाही, नियतीचा आहे. जिला रील बनवायची ती हॉटेलच्या वायफायवरही बनवेल. आणि आता परवाना फोनमध्ये आहे, रस्त्याचा नकाशा फोनमध्ये आहे, हे आम्ही ठरवलेलं नाही. व्यवस्थाच तशी झाली. तिच्यात बाईला फोनशिवाय पाठवणं म्हणजे तिला दुनियेपासून सोडवणं नव्हे, दुसऱ्या कुणाच्या तरी मागे बांधून ठेवणं. फोन पिशवीत बंद ठेवायचा की नाही हे तिला ठरवू द्या. पण तो तिच्या पिशवीत असू द्या.

"म्हाताऱ्या माणसांना जमत नाही" हा दुसरा आक्षेप. शिकवलं का कुणी? हजला जाणाऱ्यांचे तरबियतचे कार्यक्रम होतात. एहरामची चादर कशी गुंडाळायची ते मंचावर प्रत्यक्ष करून दाखवतात, आणि बरोबरच आहे. त्याच मंचावर फोनचं डेटा रोमिंग कुठे असतं, हे दाखवायला काय हरकत आहे? आणि दाखवताना बायकांच्या बाजूलाही कुणी बसावं, प्रत्येकीचा स्वतःचा फोन हातात घेऊन. "घरी गेल्यावर मुलगा समजावेल" म्हणून सोडू नये.

मी आता दर रविवारी दुपारी माझ्या घरी चार-पाच जणींना बोलावते. शाळेचे पेपर तपासून होतात, मग चहा, मग फोन. पहिल्या दिवशी सगळ्यांना *#०६# लावायला सांगितलं. त्यात ईआयडी नावाचा बत्तीस आकडी नंबर दिसला तर फोनमध्ये ई-सिमची चिप आहे. पाचांपैकी दोघींच्याच फोनमध्ये दिसला. एकीच्या फोनमध्ये दिसल्यावर ती इतकी खूश झाली, जणू जमिनीत हंडा सापडला. उरलेल्या तिघींना म्हटलं, तुमच्यासाठी तिथलं कार्ड, पासपोर्ट हाताशी ठेवा, बोटांना आतापासून क्रीम लावा.

त्यातल्या अप्पर इंदिरानगरच्या एक खाला पुढच्या महिन्यात मुलाबरोबर जाणार आहेत. त्यांच्या फोनमध्ये ईआयडी नाही. मुलगा म्हणाला आहे, "अम्मी, मैं हूं ना, हॉटस्पॉट दे दूंगा." खालांनी माझ्याकडे पाहिलं, "बाई, तुम्हीच बोला की त्याच्याशी. तुमचं ऐकेल." मी त्यांचा फोन त्यांच्याच हातात परत दिला आणि तुम्हीच बोला म्हणाले. माइकचं बटण कसं दाबून धरायचं ते त्यांना येत होतं. पण माझ्यासमोर नाही बोलल्या, पदर सावरत उठल्या, जिना उतरताना बोलते म्हणाल्या.

बोलल्या की नाही ते या रविवारी कळेल.